खिळखिळा बैल

रविवार, रात्री ११

केस धुतले तरी डोक्याला जळक्या लाकडाचा वास येतोय. सकाळी १० ते दीड लेझर मशीननं प्लाय कापायच्या क्लासमध्ये होते, कापांचा बैल करायला. त्यातले दोन तास नुसते संगणकावर, आणि प्रत्यक्ष कापायला लागली २२ मिनिटं.

बैल उभा राहिला. एवढंच. हात लावला की जुन्या बाजेसारखा डुलतो. नाकापासून शेपटीपर्यंत दोन उभ्या पाट्या, त्यांना आडवे १७ काप. प्रत्येक जोडात निम्मी खाच पाटीला, निम्मी कापाला. गोंद न लावता एकात एक गच्च बसायला हवं. माझे बसले ते इतके सैल, की उचलल्याबरोबर पोटातले तीन काप फरशीवर. क्लासमधला बारावीचा पोरगा म्हणाला, "काकू, तुमच्या बैलाचं पोट बिघडलं वाटतं." सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले होते.

चूक माझीच. प्लाय ३ मिलिमीटरचा म्हणून घेतलेला, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर २.८ भरला. मी खाचही २.८ चीच काढली आणि स्वतःवर खूश. सर म्हणाले, "ताई, लेझर स्वतः किती खातो ते धरलंच नाही तुम्ही." किरण रेघेच्या बरोबर मधून जातो आणि दोन्ही अंगांनी थोडं थोडं जाळत जातो. आमच्या मशीनवर ते मोजलं तर ०.१५ निघालं. म्हणजे खाच झाली २.९५, आणि त्यात २.८ चा काप. डुलणारच.

सुताराच्या पोरीला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं. अण्णा करवत लावायच्या आधी रेघेच्या कोणत्या अंगानं जायचं ते अंगठ्यानं दाखवायचे. "रेघ ठिवून काप. रेघ खाल्ली की कुसू ढिला." कुसू म्हणजे खाचेत बसणारं टोक. मला कापायचं नसायचंच, माझं काम फळीचं दुसरं टोक दाबून बसायचं. तरी त्यांचं ते सांगणं दर वेळी व्हायचंच.

मशीनला रेघ ठेवता येत नाही. ते रेघच खातं. मग मुळात रेघच आत सरकवून काढायची.

बुधवार

बँकेतून आल्यावर काही सुचत नाही, पण आज बसले. नवी फाईल केली. आधी नमुना: कंगव्यासारखी पट्टी, तिला २.५, २.६, २.६५, २.७ अशा खाचा. रविवारी ही आधी कापायची, जी खाच प्लायला गच्च धरेल तीच बैलाला.

सरांनी एक सांगितलं ते लिहून ठेवते. हा कार्बन डायऑक्साईडचा लेझर शोधला कुमार पटेल यांनी, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये, १९६४ साली. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं. मला वाटत होतं, हे सगळं चीनमधून खोक्यात येतं. (मशीन चीनचंच आहे.) किरण डोळ्याला दिसतही नाही. दिसतो तो लाल ठिपका नुसता जागा दाखवायला.

आणि मशीनमधल्या लेझरच्या नळीला थंड ठेवायला पाणी लागतं, तेही डिस्टिल्ड. बोअरचं घातलं तर क्षार साचतात. लातुरात राहून हे ऐकायचं! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पहिल्या फेरीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. तेव्हा आमच्या गल्लीत घागरीवरून भांडणं व्हायची. आता एक मशीन कॅनमधलं शुद्ध पाणी पितंय आणि मी त्याचं कौतुक करतेय.

रविवार

२.६५ बसली. लाकडी हातोडीनं हलकं ठोकावं लागतं, तशी. या वेळी बैल झटकला तरी हलत नाही.

दोन काप पूर्ण सुटलेच नव्हते. प्लायच्या मधल्या थरात गाठ असली किंवा गोंद जास्त साचला असला की किरण तिथं अडखळतो. पुन्हा तीच रेघ फिरवली तर कड कोळशासारखी होते. मग ब्लेडनं सोडवले. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, एकसारखा कापला जातो, पण त्याचा वास घशात बसतो आणि तो कागदाच्या लगद्यासारखा निर्जीव वाटतो. नको.

खरी अडचण रंगाची होती. बैल देवणी जातीचा हवा, हे माझं आधीपासून ठरलेलं. देवणीत वानेरा तोंडाकडं काळा, शेवरा पांढऱ्यावर काळे ठिपके. मला शेवरा हवा होता. पण कापांची शिल्पं दिसतात ती त्यांच्या कडांवरून, आणि लेझरच्या कडा सगळ्या काळ्या. अख्खा बैल काळा झाला. शेवटी उलटं केलं: जिथं पांढरं हवं तिथल्या कडा पॉलिश पेपरनं घासल्या, जिथं ठिपका हवा तिथली काजळी तशीच ठेवली. साडेतीन तास. खाचेच्या आत पेपर लागू द्यायचा नाही, नाहीतर पुन्हा ढिला. बोटांची टोकं अजून चरचरतात. पण संध्याकाळी खिडकीत ठेवला तेव्हा पाठीवरचे ठिपके कापाकापांतून सलग दिसले, आणि मी उगाचच दोनदा चहा केला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, गावाकडं

बैल खोक्यात घालून एसटीनं आणला. घरी आता बैल नाहीत. दादानं जोडी विकली त्याला सहा वर्षं झाली; पोळा मातीच्या बैलांवरच होतो.

अण्णांनी आधी बैल बघितलाच नाही. खोक्यात तळाशी उरलेला प्लाय अंथरला होता, कापांच्या आकाराची भोकं पडलेला, तो काढून उजेडाकडं धरला. "ही खाच कशानं पाडली?" म्हटलं, उजेडानं. माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. मग बैल हातात घेतला, एक काप वर ओढला, तो निघाला नाही. मान हलवली. ती शाबासकी होती, असं मी धरलं.

मग म्हणाले, "ह्याच्यावर जू कुठं बसंल?"

मी वशिंड दाखवलं. "त्येच्या म्होरं जागा लागती. तू वशिंड मानंवर आणून ठिवलंस. आन मान बग कशी ताठ. ह्यो प्रदर्शनाचा बैल हाय. औताचा न्हाई."

बरोबर आहे. ज्यावरून बैल काढला तो फोटो प्रदर्शनातलाच होता. कासरा वर ताणून धरलेला. जन्मभर लोकांच्या बैलांना जुवं करून दिलेला माणूस आणखी कुठं बघणार? वशिंड मागं घ्यायचं तर ५ ते ९ नंबरचे काप नव्यानं काढावे लागतील, पाट्याही.

तेवढ्यात आईनं खांदेमळणी सुरू केली. मातीच्या बैलांच्या रांगेत हाही ठेवला होता, तो तिनं वेगळा काढला नाही. गरम पाण्याचा हात, मग हळद-तूप, वशिंडावर चांगलं दाबून. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," म्हणाली, सगळ्यांना मिळून. मी प्लायला पाणी चालत नाही म्हणेपर्यंत झालंही होतं.

आता रात्री ओढून बघितलं. ६ आणि ७ नंबरचे काप फुगलेत. निघत नाहीत.