तुम्ही विचारलंत म्हणून: झडपेला बिचकणाऱ्या मांजराचं काय करावं?

आमची चिंगी मागच्या दारातल्या झडपेला डोकं लावून सरळ आत येते, हे पाहिलं की घरी आलेली माणसं हमखास विचारतात, "हिला हे शिकवलंत कसं?" पाठोपाठ त्यांची तक्रार येते. हौसेने कॅट फ्लॅप (दाराच्या खालच्या भागात मांजरापुरतं भोक आणि त्यावर ढकलली की उघडणारी झडप) बसवून घेतला, मांजर रोज त्याच्यासमोर जाऊन बसतं, त्यातून बाहेर बघतं, पण डोकं म्हणून लावत नाही. ओरडत राहतं आणि शेवटी माणूसच उठून दार उघडतो. फोनवर दोन वाक्यांत सांगून हे भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मांजराला भोकाची भीती नसते, झडपेची असते. त्यामुळे शिकवायचं म्हणजे झडप आधी पूर्ण काढून घ्यायची आणि मग थोडी थोडी परत द्यायची. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते करायचं कसं यात खूप बारकावे आहेत.

अरुंद जागेतून जायला मांजराला कुणी शिकवावं लागत नाही. किलकिलं दार, कपाटामागची फट, खोक्याचं तोंड, सगळीकडे ते बिनदिक्कत घुसतं. त्याच्या गळपट्टीची हाडं बारीक असतात आणि बाकीच्या सांगाड्याशी घट्ट जोडलेली नसतात, स्नायूंमध्येच रुतलेली असतात. म्हणून त्याला खांदे आवळून घेता येतात. न्यूटनने कॅट फ्लॅपचा शोध लावला असं लोक हौसेने सांगतात, पण मांजरासाठी दाराला भोक पाडायची पद्धत त्याच्या आधीपासून आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथीड्रलमध्ये खगोलीय घड्याळाखालच्या दाराला असं एक गोल भोक आहे, सुमारे चारशे वर्षांपूर्वीचं. त्याला झडप नाही, त्यामुळे तिथल्या मांजरांना शिकवणी लागली नसणार.

झडप आली की गोष्ट बदलते, आणि ती का बदलते हे मांजराच्या बाजूने पाहिलं पाहिजे. मांजराची नजर लांबच्या हालचालीला तीक्ष्ण असली, तरी नाकापासून साधारण वीतभर अंतरातलं त्याला स्पष्ट दिसत नाही. तिथे त्याच्या मिशा काम करतात. जवळची वस्तू चाचपायला ते मिशा पुढे वळवतं. आता विचार करा: समोर नीट न दिसणारी एक वस्तू आहे, तिला आधी मिशा लागणार, मग नाक, मग कपाळ, आणि ती वस्तू उलट दाब देणार. डोकं आत घातलं की ती मानेवरून, मग पाठीवरून घसरत जाणार आणि शेवटी शेपटीवर आपटणार. आपल्या चेहऱ्याने एखादी गोष्ट ढकलून तिच्या पलीकडे काय आहे ते न बघता पुढे जाणं हे सावध प्राण्याच्या स्वभावातच नाही. अशा मांजराला मठ्ठ किंवा हट्टी म्हणणारी माणसं भेटली की मला वाईट वाटतं. ते शहाणपणाने थांबलेलं असतं.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की मांजराला उचलून झडपेतून ढकलू नका. "एकदा ढकललं की कळेल त्याला" हा सल्ला फार लोक देतात. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पेटीत ठेवलेल्या मांजराने दोरी ओढली किंवा खिटी दाबली की दार उघडायचं आणि बाहेर खाणं मिळायचं. मांजरं चुकतमाकत शिकायची, प्रत्येक खेपेला बाहेर पडायला सहसा थोडा कमी वेळ लागायचा. पण थॉर्नडाइकने मांजराचा पंजा स्वतःच्या हातात धरून ती खिटी दाबूनही पाहिली, आणि त्याने मांजरं शिकतात असं त्याला आढळलं नाही. झडपेतून ढकललेल्या मांजराचं तसंच आहे. झडप कशी उघडते ते त्याला कळत नाहीच, तिथे आपल्याला कुणीतरी धरतं एवढं मात्र पक्कं लक्षात राहतं. मग ते झडपेच्या जवळसुद्धा फिरकत नाही आणि आपलं काम दुप्पट होतं.

शिकवायला बसण्याआधी झडप कुठे आणि कशी बसवली आहे ते बघा. भोकाची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला हवी, मोठ्या मांजरासाठी जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटर. ही उंची दोन्ही बाजूंनी मोजायची. आतली फरशी आणि बाहेरची जमीन यांत पायरीइतका फरक असला, तर बाहेरून येताना त्याला उडी मारत डोकं लावावं लागतं, आणि ते कुणालाच जमणार नाही. बाहेर एक पक्की फळी किंवा वीट ठेवली की प्रश्न सुटतो. झडप पारदर्शक असेल तर उत्तम. नवीन प्लॅस्टिकचा वास जावा म्हणून मऊ फडक्याने मांजराचे गाल हलके पुसा आणि तेच फडकं भोकाच्या कडांना फिरवा. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात. ओळखीच्या वस्तूंवर ते गाल घासतं ते त्यासाठीच.

आता झडप वर उचला आणि पक्क्या चिकटपट्टीने किंवा दोरीने अशी बांधा की ती चुकूनही खाली येणार नाही. मांजर अर्धं आत असताना झडप पाठीवर पडली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग जेवणाच्या वेळेच्या जरा आधी, पोटात भूक असताना, दाराच्या एका बाजूला मांजर आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. हातात त्याचा सगळ्यात आवडता खाऊ, एरवी न मिळणारा. एका वेळी नखभरच द्या. जमिनीवर बसा, उभं राहून वाकू नका. आधी बाहेरून आत यायला शिकवा, कारण घरात येण्याची ओढ बाहेर जाण्याच्या कुतूहलापेक्षा जास्त भरवशाची असते. बाहेर जाणं नंतर वेगळं शिकवावं लागतं. एक दिशा आली म्हणजे दुसरी आपोआप आली असं मांजराच्या बाबतीत धरून चालू नका.

उघड्या भोकातून ते न थबकता जाऊ लागलं, की झडप किंचित खाली आणा. इथे कपड्यांचा चिमटा सगळ्यात उपयोगी. झडपेच्या एका कोपऱ्यात चिमटा अडकवला की ती तिरकी, बोट-दोन बोटं उघडी राहते. त्या फटीतून वास येतो, तुमचा आवाज येतो आणि पलीकडे जागा आहे हे मांजराला कळतं. हा टप्पा घाईने उरकू नका, खरं शिक्षण इथेच होतं. चिंगी या फटीपाशी बराच वेळ बसायची. आधी नाक लावायची आणि मागे घ्यायची. मग तिने एक पंजा फटीत घातला, नखांनी झडपेची कड धरून ती आपल्याकडे ओढली, सोडली, झडप हलली, ती दचकली, पुन्हा ओढली. असं कितीतरी वेळ चाललं होतं. मी खाऊ पुढे केला नाही, काही बोलले नाही. ही वस्तू माझ्या हलवण्याने हलते आणि मी थांबले की थांबते, हे ती स्वतः पडताळून पाहत होती. त्यानंतर तिने कपाळ लावलं. आजही ती बाहेर जाताना आधी पंजाने झडप खुटखुटवते, मग डोकं घालते. काही मांजरं कायम पंजानेच झडप ओढून उघडतात. ती पद्धत चुकीची नाही, सुधारायला जाऊ नका.

चिमटा निघाल्यावर उरतो आवाज. साध्या झडपेत खाली चुंबक असतो, वाऱ्याने ती फडफडू नये म्हणून. तो सुटताना आणि चिकटताना खट्ट होतं, शिवाय पहिला धक्का जोराचा द्यावा लागतो. सुरुवातीला चुंबकावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून त्याची पकड ढिली करा आणि एकेक थर काढत जा. आपल्याच मांजराची चिप वाचून त्याच्यापुरती उघडणाऱ्या झडपेत अडचण आणखी मोठी. मांजराच्या कातडीखाली बसवलेली चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिच्यात बॅटरी नसते, नुसता १५ अंकी क्रमांक असतो. मांजराने डोकं आत घातलं की झडप तो क्रमांक वाचते आणि कुलूप उघडते. म्हणजे आवाज होतो तो नेमका मान आत असताना, कानांना लागून. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचं. आपल्याला जी बारीकशी टिक वाटते ती त्याला कशी ऐकू येत असेल! त्यामुळे आधी कुलूप लागणार नाही असं ठेवून नुसती मोकळी झडप शिकवा, कुलपाचा आवाज अगदी शेवटी. तो आवाजही आधी लांबून ऐकवा: मांजर शेजारी खात असताना तुम्ही हाताने कुलूप दोन-चारदा चालवा.

हे सगळं करूनही मांजर आत यायला तयार आणि बाहेर जायला नाही, असं दिसलं तर झडपेला दोष देऊ नका. खाली बसून, त्याच्या उंचीवरून बाहेर बघा. झडप अगदी उघड्यावर निघते का? समोरच्या भिंतीवर दुसरं एखादं मांजर ठाण मांडून बसतं का? बाहेर पाऊल टाकण्याआधी आडोशाला थांबून टेहळणी करणं ही मांजराची गरज आहे. झडपेच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडून मोठ्या कुंड्या ठेवल्या की त्याला तो आडोसा मिळतो. परकं मांजर झडपेतून घरात शिरत असेल, तर मात्र चिपची झडप बसवण्यावाचून इलाज नाही. आणि नसबंदी, लसीकरण झालेलं नसेल तर बाहेरची दिशा शिकवायची घाईच करू नका.

"किती दिवस लागतील?" याचं उत्तर मी देत नाही. एखादं पिल्लू दुपारभरात शिकतं, एखादं बुजरं, मोठेपणी घरी आलेलं मांजर कित्येक आठवडे चिमट्याच्या टप्प्यावरच राहतं. ते मागे सरलं की तुम्हीही एक टप्पा मागे या.

नीट वापरत असलेलं मांजर अचानक झडप टाळू लागलं, तर मात्र पुन्हा शिकवायला बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. वय झालेल्या मांजरांचे सांधे दुखतात, आणि उंबरा ओलांडत पाठ वाकवून जाणं त्यांना नको होतं. दुखणं मांजरं चांगलीच लपवतात. ते आधी दिसतं अशाच जागी. तपासून आल्यावर दोन्ही बाजूंना बसकी पायरी द्या, चुंबक ढिला करा, झडप घरातल्याच दोन खोल्यांमध्ये असेल तर सरळ काढून टाका. बाहेरच्या दाराला असेल, तर त्याने हाक मारली की उठून दार उघडा.