आमची वाटचाल : लग्नाच्या शूटिंगपासून पोरांच्या गाण्यापर्यंत

बाबूराव पेंटरांनी १९१७ साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरासुद्धा इथंच घडवला. यंत्र उघडून बघायचं, ते आपल्या हातानं चालवायचं, ही या गावाची सवय तेव्हापासूनची. राजारामपुरीतला आमचा छोटा व्यवसाय त्याच सवयीवर उभा आहे. शाळा-कॉलेजातली पोरं गाण्याचा व्हिडिओ करायला येतात. गाणं त्यांचं, कॅमेरा त्यांच्या हातात, एडिटिंगही त्यांचंच. साधनं आमची आणि शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस आमचं.

सुरुवात अर्थातच लग्नांपासून झाली. मिनी-डीव्ही टेपचा काळ. तासाभराची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला तासच लागायचा. पुढं डीएसएलआर आले, कार्डं आली, कामाचा वेग वाढला. त्या वर्षांत दुकान उभं राहिलं, कर्ज फिटलं, एवढं त्याबद्दल पुरे.

खरं वळण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आलं. लग्नं थांबली. एका कॉलेजच्या गायनाच्या ग्रुपला समूहगीत करायचं होतं आणि पोरं जिल्हाभर विखुरलेली. आमच्या सौभाग्यवतींनी (पोरं त्यांना वहिनी म्हणतात) पेटी आणि तालाचा एक ट्रॅक तयार केला, आधी चार मात्रांची मोजणी टाकली आणि सगळ्यांना पाठवला. प्रत्येकानं एका कानात इअरफोन लावून ट्रॅक ऐकत गायचं आणि दुसऱ्या मोबाईलवर स्वतःला शूट करायचं. सुरुवातीला एक टाळी मात्र सगळ्यांनी वाजवायची. आवाजाच्या आलेखात टाळीचं टोक उंच दिसतं, ती टोकं एका रेषेत आणली की सगळ्यांचा आवाज एका वेळी येतो. कुणाच्या मागं गोठा, कुणाच्या मागं फडताळ. ते गाणं पुरं झालं तेव्हाच आम्ही दोघांनी ठरवलं की यापुढं हेच काम वाढवायचं.

तेव्हापासूनचा आमचा नियम : आधी गाणं, मग कॅमेरा. बहुतेक पोरं उलट्या टोकाकडून येतात. पन्हाळ्यावर शूट करायचंय, ड्रोन उडवायचाय, स्लो मोशन पाहिजे. आम्ही विचारतो, गाणं कुठाय? पन्हाळा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथं चित्रीकरणाला परवानगी काढावी लागते. ते नंतर. आधी वहिनींच्या खोलीत गाणं रेकॉर्ड व्हायला पाहिजे. त्या खोलीच्या भिंतींवर जाड गोधड्या लावल्यात, त्यांनी घुमणारा आवाज चांगला मरतो.

गाणं निवडताना हक्कांचा विषय स्पष्ट सांगावा लागतो. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं शब्दांवर हक्क राहतो, ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तुकोबांचा अभंग कुणीही गावा. पण नामवंत गायकाची नवी रेकॉर्ड उचलून तिच्यावर ओठ हलवले आणि यूट्यूबवर टाकलं, तर लगेच दावा येतो. म्हणून आम्ही म्हणतो, स्वतः गा. गेल्या खेपेला राधानगरीकडच्या एका मुलीनं आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणल्या. चाल आजीची, हलगी वर्गातल्या मुलाची. असं काही हाती आलं की आमचा दिवस सार्थकी लागतो.

आता शूटिंग. आधी रेकॉर्ड केलेलं गाणं सेटवर स्पीकरवरून वाजतं आणि पोरं त्याबरोबर मोठ्यानं गातात. मोठ्यानं, हे फार महत्त्वाचं. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत, छाती भरत नाही, आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. कॅमेऱ्यावर येणारा आवाज फक्त चित्र आणि गाणं यांच्या जुळवणीसाठी असतो, शेवटी तो काढून टाकायचा. पंचगंगेच्या घाटावर लांबून शॉट घेताना मात्र एक गणित ध्यानात ठेवायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपण सेकंदाला २५ फ्रेमवर (म्हणजे २५ चित्रं) शूट करतो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात आवाज साडेतेरा मीटरच्या आसपास पोचतो. स्पीकर गाणाऱ्याजवळ आणि कॅमेरा पलीकडच्या पायऱ्यांवर असेल, तर जुळवणीचा आवाज दोन-तीन फ्रेम मागं पडतो. एडिटिंगला बसल्यावर तेवढं सरकवून घ्यायचं. हलगीवर टिपरू पडतं ती फ्रेम आणि आवाजाचं टोक समोरासमोर आणून बघायचं, हा आमचा पक्का ताळा.

स्लो मोशनची गोष्ट पोरांना सगळ्यात आवडते. केस संथ उडतायत, पाणी संथ उडतंय आणि ओठ मात्र गाण्याशी बरोब्बर जुळतायत, हे कसं? ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा टेम्पो दुप्पट करायचा, पट्टी तीच राहते. कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवायचा. दुप्पट वेगाच्या गाण्याबरोबर गायचं, आणि मग तो शॉट २५ वर चालवायचा. सगळं निम्म्या वेगावर येतं, ओठही मूळ चालीवर येतात. ओवी म्हणणाऱ्या त्या मुलीनं दुप्पट वेगानं म्हणायचा सराव घरी चालता-बोलता केला होता. जात्याचा खुंटा, तिचा हात, बाजूला सांडणारं पीठ, आणि त्या सगळ्यावर सावकाश सरकणारा तिचा चेहरा. पडद्यावर पहिल्यांदा बघताना सगळी खोली गप्प होती.

भारी कॅमेरा हवाच असं नाही. घरातला मोबाईल पुष्कळ काम करतो, पण त्याला मोकळं सोडायचं नाही. उजेड कमी झाला की बरेच मोबाईल आपल्या मनानं फ्रेमचा वेग कमी-जास्त करतात, मग पहिलं कडवं जुळतं आणि शेवटच्या कडव्याला ओठ भरकटतात. वेग कायम ठेवणारं कॅमेऱ्याचं अ‍ॅप घ्यायचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणून वर्गात शूट करताना शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड आत यायचा वेळ) पन्नासांश किंवा शतांश सेकंदावर ठेवायचं, नाहीतर चित्रावर पट्टे सरकतात. उजेड वळवायला थर्माकोलचं पांढरं शीट अजून कुणालाही हरत नाही. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आम्ही शिकवतो. तिच्यात कापणी, रंग, आवाज सगळं एका जागी होतं आणि पोरांना चोरीचं सॉफ्टवेअर वापरायची वेळ येत नाही. कॉम्प्युटर जुना असेल तर आधी प्रॉक्सी फाइली, म्हणजे मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती, करून घ्यायच्या.

श्रेयनामावलीवर आम्ही जरा जास्तच वेळ घालवतो. इंग्रजीसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. एडिटिंगच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दक्षिण आशियाई लिप्यांची वेगळी सेटिंग आहे, ती चालू केली की नावं सुधारतात. गावाकडं आई-वडील तो व्हिडिओ मोबाईलवर बघणार आणि पोराचं नाव येईपर्यंत थांबणार. तिथं ‘ज्योत्स्ना’ मोडकी दिसलेली आम्हाला चालत नाही.

धंदा म्हणून यात पैसा बेताचाच. लग्नं अजून घेतो, त्यावरच दुकानाचं भाडं निघतं. विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर साधनांचं निम्मं भाडं लावतो, आणि अनामतीच्या जागी शॉट लिस्ट मागतो. कुठल्या ओळीला कोण दिसणार, कॅमेरा कुठं, उजेड कुठून, हे कागदावर आल्याशिवाय बॅग हलत नाही. मध्यंतरी एका संस्थेनं चांगली मोठी रक्कम देऊ केली होती. व्हिडिओ तुम्हीच करा, नावं आमच्या मुलांची लावा. स्पर्धेला पाठवायचा होता. आम्ही नकार दिला आणि ते काम दुसरीकडं गेलं. त्या मुलांना कॅमेरा हातात धरायला मिळायला हवा होता, तो मिळाला नाही, याचं वाईट अजून वाटतं.

आमच्याकडं शिकून गेलेल्यांपैकी एकजण आता सुट्टीत येऊन नव्या पोरांना जुळवणी शिकवतो. पगार ठरवून देतो त्याला, फुकट राबवत नाही. दिवाळीनंतर गॅदरिंगचा हंगाम सुरू होईल, तेव्हा गोधड्यांच्या खोलीसाठी नंबर लावावा लागतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी चाल बसवून, कडवी पाठ करून यावं. कॅमेऱ्याचं काय ते आल्यावर बघू.