पळसाचा फोटो कृष्णधवल करताना

रंगीत फोटो कृष्णधवल करणे म्हणजे त्यातील रंग काढून टाकणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कोणत्या रंगाला करड्याची कोणती छटा द्यायची हे ठरवावे लागते, आणि आपण ते ठरवले नाही तर सॉफ्टवेअर परस्पर ठरवून मोकळे होते. हे समजून घ्यायला फाल्गुनातल्या पळसाइतका चांगला विषय मला दुसरा माहीत नाही. निष्पर्ण फांदी, तिच्यावर केशरी फुलांचे घोस आणि मागे निरभ्र आकाश, एवढेच त्या फोटोत आहे.

संगणकावर या फोटोतील एका पाकळीचे आकडे (० ते २५५ या मापात) साधारण लाल २३०, हिरवा ९०, निळा ३० असे दिसतात आणि तिच्यामागच्या आकाशाचे लाल ९०, हिरवा १३०, निळा १९० असे. रूढ सूत्रानुसार उजळपणा मोजताना लाल रंगाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ एवढे वजन दिले जाते, कारण आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो. गुणाकार करून बेरीज केली, तर पाकळीही १२५ येते आणि आकाशही १२५. डोळ्यांना झाडावर आग लागल्यासारखा दिसणारा पळस एका बटणासरशी आकाशात विरघळून जातो, आणि यात सूत्राचे काहीच चुकलेले नसते.

म्हणून ही वजने स्वतःच्या हाताने द्यावीत. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मोनो मिक्सर आहे. केवळ निळी वाहिनी, म्हणजे फोटोतील फक्त निळ्या रंगाचे आकडे घेतले, तर पांढुरक्या आकाशावर जवळजवळ काळी फुले मिळतात; केवळ लाल घेतली, तर गडद आकाशावर पांढरी. मला दुसरे रूप खरे वाटते, कारण पळसाच्या फुलाचे सगळे सौंदर्य त्याच्या बुडाशी असलेल्या काळपट, मखमली संवर्तात (पाकळ्यांना बाहेरून धरणाऱ्या कोशात) आणि त्यातून उसळणाऱ्या वाकड्या पाकळ्यांत आहे, आणि पाकळ्या काळ्या झाल्या की तो संवर्त वेगळा उरतच नाही. मात्र नुसत्या लाल वाहिनीत पाकळ्या सपाट दिसतात, कारण तिथे त्या आधीच कमाल उजळपणाच्या जवळ पोचलेल्या असतात. त्यांच्या घड्या आणि कडांची लव हिरव्या वाहिनीत टिकून असते. लाल ०.७, हिरवा ०.५ आणि निळा उणे ०.२ असे प्रमाण ठेवल्यावर पाकळी २०० वर गेली, आकाश ९० वर उतरले, आणि घड्याही राहिल्या.

फिल्मच्या काळात हाच निर्णय फोटो काढण्यापूर्वी, भिंगावर रंगीत काच लावून घ्यावा लागे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमधील हाफ डोम या कड्याचे छायाचित्र आधी पिवळा फिल्टर लावून घेतले. त्यात आकाश मनासारखे गडद येणार नाही हे जाणवल्यावर भिंगावर गडद लाल फिल्टर लावून, फिल्मच्या जागी वापरायच्या काचेच्या उरलेल्या प्लेटवर पुन्हा घेतले, आणि तेच पुढे गाजले. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून आकाश काळवंडते. मिक्सरमध्ये आपण तेच करतो, फक्त नंतर आणि हवे तितक्या वेळा.

पानांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक रंग उजळ किंवा गडद करायला आठ रंगांच्या सरकत्या पट्ट्या असतात, आणि गवत किंवा झाडी उजळ करायची म्हणून बहुतेक जण हिरवी पट्टी सरकवतात. पण ऊन पडलेल्या पानांच्या रंगात पिवळ्याचा अंश बराच असल्याने परिणाम पिवळ्या पट्टीने अधिक होतो. निळी पट्टी मात्र जपून खाली न्यावी. आकाश फार गडद केले की त्यातील दाणेदारपणा वर येतो आणि बारीक फांद्यांच्या कडेने पांढरी रेघ उमटते. जेपीईजी या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असल्यामुळे हा दोष लवकर दिसतो. कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती जपणाऱ्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात, त्यामुळे कृष्णधवल करायचा फोटो मी रॉमध्येच काढतो.