जॅकेटला ओळखतात, मला नाही

आज लायब्ररीत शेजारचे आजोबा दिसले. मी हसून हाय केलं, तर ते जरा थांबले, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं हसले आणि पेपरांच्या रॅककडे निघून गेले. ओळखलंच नाही मला. नोव्हेंबरपासून रोज सकाळी आपापल्या दारासमोरचा बर्फ फावड्याने ढकलताना आम्ही एकमेकांना हात करतो, वारा कुठल्या दिशेचा आहे ते ओरडून सांगतो. पण तेव्हा माझ्या अंगावर तो लाल पार्का, म्हणजे टोपीवालं जाड जॅकेट, असतं, भुवयांपर्यंत टोपी असते, नाकावर मफलर असतो. आज यातलं काहीच नव्हतं, सगळं बॅगेत आणि खुर्चीवर. उघड्या चेहऱ्याने समोर उभी होते तर मी कोणीच नव्हते त्यांच्यासाठी.

एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, माहितीये. पण लागलंय. संध्याकाळपासून तेच डोक्यात फिरतंय.

इथल्या, म्हणजे कॅनडातल्या विनिपेगच्या थंडीबद्दल लोक विचारतात तेव्हा सगळ्यांना आकडाच हवा असतो, किती उणे? सांगते मी. जानेवारीत रात्री सरासरी उणे 20 च्या आसपास, आणि उणे 30 झालं तरी बातमी होत नाही. बाहेर पडल्यावर पहिल्या श्वासाला नाकातले केस ताठ होतात, पापण्यांवर दव गोठून डोळे मिटले की चिकटल्यासारखे वाटतात, पायाखालचा बर्फ करकर वाजतो, आणि तो जितका जास्त वाजेल तितकी थंडी जास्त हे आता कानाला कळतं. पण हे सगळं सोसवतं. खरंच सोसवतं. ज्या दिवशी सगळ्यात कडाक्याची थंडी त्याच दिवशी आकाश सगळ्यात निळं, सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य चमकतात, हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे, आणि मी प्रत्येक वेळी थांबून बघते. थंडीशी माझं भांडण नाहीये.

भांडण याच्याशी आहे की इथे सहा महिने माणसाला माणसाचा चेहरा दिसत नाही. रस्त्यावर जॅकेटं चालतात. काळं जॅकेट, निळं जॅकेट, फरवाली टोपी. ऑफिसातली माणसंसुद्धा स्कायवॉकमधून या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये जातात, गाडीतून गॅरेज, गॅरेजमधून गाडी. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे घरी यायच्या वेळी सगळं अंधारात. मग घरी पोचल्यावर पडदे ओढून घ्यायचे, खिडक्या तर ऑक्टोबरनंतर उघडलेल्याच नसतात. आईने परवा फोनवर विचारलं, तुझ्या गल्लीत राहतं तरी कोण कोण? मला सांगता येईना. ते जाऊ दे.

आणि गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर, पण ज्या विंड चिलच्या आकड्यावर, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी प्रत्यक्षात किती लागते त्या आकड्यावर, आमचा सगळा दिवस ठरतो ना, तो काढतात चेहऱ्यावरूनच. 2001 साली कॅनडा आणि अमेरिकेने नवं सूत्र आणलं, त्यासाठी टोरांटोला थंड हवेच्या बोगद्यात माणसांना ट्रेडमिलवर चालवलं होतं, चेहऱ्याला सेन्सर लावून. कारण अंग कपड्यात असतं, उघडा असतो तो चेहरा, वारा ऊब चोरतो ती तिथून. पारा उणे 25 आणि वारा ताशी 30 किलोमीटर असला की चेहऱ्याला ते उणे 39 लागतं, आणि उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. म्हणजे बातम्यांमध्ये रोज सकाळी जो आकडा सांगतात तो माझ्या गालांचा, माझ्या नाकाचा आकडा आहे, आणि तेच गाल, तेच नाक शेजारच्या माणसाला माहीत नाही.

हे मी लायब्ररीतून निघाल्यावर चालता चालता मनात घोळवत होते. पोर्टेज आणि मेन या दोन रस्त्यांच्या चौकात आले. तो चौक 1979 पासून चालणाऱ्यांसाठी बंदच होता, रस्ता ओलांडायचा तर खाली भुयारात उतरायचं, कोण कुठून आलं कुठे गेलं वर काही दिसायचं नाही. 2025 च्या उन्हाळ्यात परत उघडला. मला भुयारातून उबेत जाता आलं असतं पण हट्टाने वरूनच गेले, आणि मफलरही नीट बांधला नाही, डोक्यात राग होता ना. उंच इमारतींच्या मधून तिथे वारा असा येतो की तोंडातला शब्द तोंडातच राहतो. डोळ्यांतून पाणी आलं, वाऱ्यानेच आलं असेल.

पलीकडे बसस्टॉपवर एक बाई उभी होती. तीही अशीच, जॅकेट आणि दोन डोळे. माझ्याकडे बघायला लागली, टक लावून. मला आधी अवघडल्यासारखं झालं. मग ती जवळ आली आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, इथे पांढरं पडलंय तुझ्या, आत ये आडोशाला. मला काहीच जाणवत नव्हतं. तेच तर असतं त्यात, कातडी गोठायला लागली की आधी दुखतं, मग बधिर होते, आणि बधिर झाली की ज्याची त्याला कळत नाही. आरसा कोण बघतंय बसस्टॉपवर. समोरच्याने बघितलं तरच कळतं. ती म्हणाली चोळू नको हां, नुसता हात ठेव, आणि मी हातमोजा काढून तळहात गालावर दाबून उभी राहिले, गाल दगडासारखा गार, माझाच पण माझा न वाटणारा. ती तिथेच थांबली, मध्ये एकदा हात काढायला लावून बघितलं, अजून थोडं, म्हणाली. मग एकदम सुया टोचायला लागल्या. इतकं दुखलं की हायसं वाटलं. तिची बस आली, ती गेली.

बसमध्ये बसल्यावर मला डिसेंबरातली ती रात्र आठवली, बेल वाजली म्हणून दार उघडलं तर आजोबा बाहेर, वाऱ्यात, हातात माझ्या गाडीच्या ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन रात्रभर उबदार ठेवणाऱ्या हीटरची वायर. प्लग सुटून बर्फात पडला होता. उणे 33 होतं, रात्रभर तसंच राहिलं असतं तर सकाळी ऑइल घट्ट होऊन गाडी चालूच झाली नसती. वायर हातात दिली आणि गेले. त्यांच्या खिडकीतून माझी गाडी दिसते, तर झोपायच्या आधी ते माझीही वायर बघतात, असं तेव्हा लक्षातच आलं नव्हतं माझ्या.

म्हणजे बघतात लोक. मला जे बघायला हवं होतं ते नाही बघत, पण बघतात. गाल बघतात, वायर बघतात, रस्त्याकडेला बॉनेट उघडलेली गाडी दिसली की जम्पर केबल घेऊन थांबतात, तुमचं नाव न विचारता. नाव विचारलं असतं तर आवडलं असतं मला, हे मी अजूनही म्हणेन. आज लायब्ररीत जे वाटलं ते खोटं नव्हतं, आणि एवढ्याने ते गेलेलंही नाही. पण बसस्टॉपवरची ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती तेवढं नीट निरखून महिन्याभरात कोणी बघितलं नसेल, हेही तितकंच खरं.

गाल लाल झालाय आता, हुळहुळतोय, पण फोड वगैरे काही नाही. अनघाला मेसेज केला, शनिवारी फोर्क्सला गोठलेल्या नदीवर चालायला येतेस का म्हणून. तिचं लगेच उत्तर, किती डिग्री? उणे 15 दाखवतायत, वारा नाही. तर हो म्हणाली.