टिकटिक करणारी पट्टी

भट्टी बंद करायची राहिली, हे मला सकाळी दार उघडताना आठवलं. ४०० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवायच्या पट्ट्या रात्रभर आत शेकत राहिल्या होत्या. चूक सर्वस्वी माझी.

पट्ट्या तीन थरांच्या होत्या: बाहेर तांबं, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, फिरून तांबं. दोन्ही धातूंची जाडी मिळून निम्मी-निम्मी. पत्रे अ‍ॅसिटोनने पुसायचे, तारेच्या ब्रशने खरवडायचे आणि ऑक्साइडचा पापुद्रा पुन्हा जाड होण्याआधी लगबगीने रोलरमधून काढायचे. एकाच फेरीत जाडी निम्म्याहून खाली आणली, की पृष्ठभागावरचा कडक पापुद्रा फुटतो, फटींतून ताजा धातू वर येतो आणि पत्रे एकमेकांना धरतात. पण एवढं रोलिंग सोसलेला पत्रा ताठर होतो. जरा ताणला की तुटतो. म्हणून नंतर अनीलिंग, म्हणजे भट्टीत तापवून पुन्हा मऊ करणं.

पट्ट्या टाकून देणार होतो. मग वाटलं, वाया गेल्याच आहेत तर एक ओढून बघू. मनात हिशेब असा, की जास्त वेळ तापली म्हणजे जास्त मऊ झाली असेल, तेव्हा चांगली लांबेल.

ताणचाचणीच्या मशीनवर आधी ३०० अंशांना तासभर ठेवलेली पट्टी लावली. ती निमूटपणे लांबली, एका जागी बारीक झाली आणि तिथेच तिन्ही थर एकदम तुटले. मग रात्रभर शेकलेली लावली. आलेख चढायला लागला आणि थोड्याच वेळात शेजारी उभी असलेली ज्युनिअर म्हणाली, "सर, मशीन वाजतंय का?" कान दिला. बारीक टिक... टिक... आवाज पकडीतून नव्हे, पट्टीतूनच येत होता. मग तो एकदम थांबला, आलेख पायरी उतरल्यासारखा खाली आला आणि काम आटोपलं. इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत पट्टी किती लांबली ते, पहिल्या पट्टीच्या निम्मंही नाही.

पट्टी हातात घेतली तर मजाच. मधलं अ‍ॅल्युमिनियम एका जागी तुटलेलं, तांबं तिथून बोटभर वर. थर एकमेकांना सोडून आपापल्या ठिकाणी मेले होते.

दुपारी एक तुकडा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोन धातूंच्या मध्ये करड्या रंगाचा पट्टा, पंधराएक मायक्रॉनचा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांत मुरून तयार होणारी ही संयुगं. अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला असतं ते ‘अ‍ॅल-टू-सीयू’. शुद्ध तांब्याच्या कितीतरी पट कठीण आणि तितकीच ठिसूळ. त्या पट्ट्याला आडव्या चिरा गेल्या होत्या, जवळजवळ सारख्या अंतरावर, जमिनीला बसवलेल्या फरशांसारख्या. टिकटिक होती ती या फरशा एकेक करून तडकण्याची. एकही चीर तांब्यात घुसली नव्हती. तांब्याच्या तोंडाशी येऊन ती वळली होती आणि सांध्याच्या कडेकडेने पसरली होती.

धातू ताणताना एका जागी बारीक होऊ लागतो, त्याला आम्ही ‘नेकिंग’ म्हणतो. थर चिकटलेले असेपर्यंत अ‍ॅल्युमिनियमला एकट्याने असं बारीक होता येत नाही, शेजारचं तांबं त्याला धरून ठेवतं. सांधा सुटला की ही सोबत संपते आणि प्रत्येक थर एकटाच ओढला जातो.

मला खटकलं ते दुसरंच. अनील केलेल्या तांब्याची ताकद साधारण २२० मेगापास्कल, शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची ९०. निम्मं-निम्मं धरलं तर सरासरी १५५. खराब पट्टी या आकड्याच्या थोडीच खाली होती. म्हणजे अहवालात फक्त ताकदीचा रकाना असता, तर ती बिनबोभाट पास झाली असती! ताकद अशी सरासरीने अंदाजता येते. इलाँगेशनला ती सोय नाही, ते सगळं सांध्यावर.

पुढच्या आठवड्यात त्याच ४०० अंशांवर मुद्दाम अर्धा, एक, दोन आणि चार तास ठेवून पट्ट्या ओढल्या. या वेळी टायमर दोनदा तपासला आणि ज्युनिअरला मशीनशी कान देऊन उभं केलं. पहिल्या तिन्हींना तिने मान हलवून नाही म्हटलं. चौथीला बोट वर केलं.