टायर तुझ्याच गाडीला राहणार ना

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

सकाळी मोबाइलवर चलान आलं. सातारा रस्ता, आम्ही चौघं गुहागरला निघालो त्या शनिवारची सकाळ, ७ वाजून १२ मिनिटं, वेगमर्यादा ओलांडली, दंड २,००० रुपये. तेव्हा गाडी मी चालवत होते, म्हणजे दंड माझा. दुपारी भरूनही टाकला. पण आम्हा चौघांच्या, म्हणजे मी, मास्तर, बंड्या आणि डॉक्टर यांच्या, ग्रुपवर सांगितलं नाही. एरवी लगेच टाकलं असतं, की बघा, मास्तरला भूक लागली म्हणून दाबली गाडी, आता भोगा. आज हात पुढे झाला नाही. माझ्याकडून पुन्हा पैशांचा विषय नको, असं वाटलं.

मास्तरच्या त्या एका वाक्यामुळे. "टायर तर तुझ्याच गाडीला राहणार ना."

वाईट हेतूने नाही बोलला तो. मी परत आल्यावर सगळा हिशेब टाकला होता. पेट्रोल, टोल, गुहागरची खोली, जेवणं, आणि शेवटी चिपळूणला घेतलेला टायर ६,००० आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे ८००. ६,८०० भागिले चार, माणशी १,७००. बंड्याने काही न विचारता पाच मिनिटांत पाठवले. मास्तरने हे लिहिलं. डॉक्टर काहीच बोलला नाही. दहा दिवस झाले, वाक्य डोक्यातून जात नाही.

तुझ्याच गाडीला. जाताना ती आपली गाडी होती. डिकीत कुणाची पिशवी कुठे बसेल, पुढे कोण बसणार, यावर भांडण झालं तेव्हा आपली होती. टायर फाटला आणि माझी झाली. ही गाडी मुळात कुणाची होती, माझ्याकडे कशी आली, हे मास्तरला चांगलं माहीत आहे. ते जाऊ दे.

हेदवीहून वेळणेश्वरकडे निघालो होतो. रस्ता एका गाडीचा. वळणावर समोरून एसटी आली. डॉक्टर चालवत होता, माझे डोळे दुखत होते म्हणून मीच त्याला बसवलं होतं. त्याने डावीकडे घेतली, चाक डांबरावरून खाली उतरलं आणि कडेला रचलेल्या जांभ्याच्या चिऱ्याची कड टायरच्या बगलेत घुसली. खिळा घुसून साधं पंक्चर असतं तर पुढच्या गावात शे-दीडशेत काम झालं असतं. बगल फाटली की पॅच चालत नाही, टायरच जातो. स्टेपनी लावायला घेतली तर शेवटचा नट हलेना. डॉक्टर पान्यावर उभा राहिला, मग बंड्याने त्याला धरलं, मग मास्तरनेही खांद्याने जोर लावला. नट सुटला तेव्हा चौघंही ओरडलो. डॉक्टर तिथेच म्हणाला, "टायरचे मी देतो." मी म्हटलं, "वेडा आहेस का? आपण सगळे होतो गाडीत." तेव्हा मास्तर हो म्हणाला होता. मी ऐकलंय.

विम्याचंही विचारून पाहिलं. एजंटकाका म्हणाले, नुसत्या टायरचे मिळत नाहीत. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं असतं तर टायरची निम्मी किंमत मिळाली असती, आणि क्लेम घेतला असता तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट, गेला असता. विमा मी भरते. सर्व्हिसिंग मी करते. फास्टॅगमध्ये पैसे मी टाकते. पूर्वी टोलनाक्यावर गाडी थांबली की मागून कुणीतरी नोट पुढे करायचं, सुट्टे शोधायचं. २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हापासून टोल कुणाला दिसतच नाही. खेड शिवापूर गेलं, आनेवाडी गेलं, मेसेज फक्त माझ्या फोनवर वाजतो. इतक्या वर्षांत एकाने तरी विचारलं का, की बाई, गाडीचं तुला काय पडतं?

हे सगळं मला मास्तरला लिहायचं होतं. लिहिण्याआधी आकडे पक्के असावेत म्हणून आज जेवणानंतर वही काढली.

जुना टायर ३५,००० किलोमीटर चालला होता. दुकानदार म्हणाला होता, आमच्या रस्त्यांवर ५०,०००पर्यंत जातो. म्हणजे त्या चिऱ्याने १५,००० किलोमीटर खाल्ले, टायरचं तीस टक्के आयुष्य. बाकीचं सत्तर टक्के मी आधीच वापरून झाले होते, ऑफिसला, आईकडे, भाजीला जाऊन. नवा टायर आता पुढचे ५०,००० माझ्यासाठीच धावणार. सहा हजारांचे तीस टक्के १,८००, त्यात अलाइनमेंटचे ८००, झाले २,६००. माणशी ६५०.

मी मागितले होते १,७००.

बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग दुसरंही मांडलं, जे इतकी वर्षं मनात धरून आहे. जाऊन-येऊन साधारण ६०० किलोमीटर. चार टायर चोवीस हजारांचे, ५०,००० किलोमीटरचे. ६०० किलोमीटरची झीज २८८ रुपये. माणशी ७२. ऑइल, ब्रेक, विमा धरून आणखी थोडे. मी किती मोठं ओझं समजून वाहत होते हे.

मास्तरचं बरोबर होतं. आकड्यात बरोबर होतं. तरी ते वाक्य मला लागलं आणि अजून लागतंय, हेही खरं आहे. त्याने आधी "तुझं बरंच गेलं गं" एवढं म्हटलं असतं, मग टायरचं बोलला असता, तर मी तिथल्या तिथे मानलं असतं. मला पैसे हवेच होते, पण त्याआधी ते हवं होतं. आणि मीही नुसता आकडा टाकला, कसा आला ते सांगितलं नाही. त्याने आकड्याला उत्तर दिलं.

ग्रुपवर नवा हिशेब टाकला. टायरचं कसं धरलं ते लिहिलं, माणशी ६५०. चलान आलं होतं, मी भरलं, ते कुणी देऊ नये, हेही लिहिलं. बंड्याला १,०५० परत पाठवले. त्याचं सध्या काय चाललंय हे माहीत असून मी ते दहा दिवस ठेवून घेतले. त्यावर आज लिहिणार नाही.

मास्तरने लगेच ६५० पाठवले. खाली लिहिलं, "रागावलीस होय? मला कळलंच नाही." मी लिहिलं, हो, रागावले होते.

डॉक्टरने मेसेज वाचलाय. उत्तर नाही.

माझं सगळं लक्ष मास्तरच्या वाक्यावर होतं. डॉक्टर गप्प का आहे, याचा विचार आत्ता करतेय. हिशेबात टायर येताच त्याला पुन्हा तो चिरा, ती एसटी आठवली असणार. चिपळूणला नवा टायर बसल्यावर मी त्याला म्हटलं होतं, घे, आता तू चालव. तो मागे जाऊन बसला. कुंभार्ली घाटापासून पुण्यापर्यंत एकदाही त्याने किल्ली मागितली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही, डोळे दुखत असूनसुद्धा.

उद्या संध्याकाळी त्याच्या घरी जाते. गाडी घेऊनच. म्हणते, चल, चहाला जाऊ, तू चालव.