एस काही कटेना

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. तीन मितींतली (दोन स्पेसच्या, एक टाइमची) आइन्स्टाइनची ग्रॅव्हिटी म्हणजे तसं मेलेलं प्रकरण, लहरीच नाहीत तिच्यात, पण वक्रतेचे वर्ग घातले की जीव येतो आणि बहुतेक वेळा सोबत घोस्ट पण येतो, म्हणजे निगेटिव्ह एनर्जीचा मोड. २००९ मध्ये बर्गशॉफ, होम आणि टाउनसेंडनी दाखवलं की रिचीचा (वक्रता मोजणारा टेन्सर) वर्ग वजा ३/८ आर स्क्वेअर (आर म्हणजे त्याच वक्रतेचा एकच आकडा) एवढंच नेमकं घेतलं आणि आइन्स्टाइन टर्मचं, म्हणजे नुसत्या आरचं, चिन्ह उलटं केलं तर सपाट स्पेसटाइमभोवती घोस्ट येत नाही. ह्याचं सुपरसिमेट्रिक (बोसॉन आणि फर्मिऑन यांची जोडी लावणारं) रूप पण लगेच आलेलं, पण सर म्हणाले स्वतः काढून दाखव, मग पुढचं बोलू.

बसलो. अशा सुपरग्रॅव्हिटीत ग्रॅव्हिटिनोसोबत (ग्रॅव्हिटीचा फर्मिऑन जोडीदार) एस नावाचं एक स्केलर फील्ड, म्हणजे दर बिंदूला एक आकडा, असतं, एरवी गरीब बिचारं, स्वतःची हालचाल नसलेलं, पण वर्ग घातले की त्यालाही कायनेटिक टर्म (हालचालीची, डेरिव्हेटिव्हचा वर्ग असलेली) फुटते. आता गंमत अशी की वर्गांचे दोन इनव्हेरियंट (सुपरसिमेट्रीत न बदलणारे गट) जोडायचे असतात, पहिल्यामध्ये आर स्क्वेअरला वजा १/४ येतो, दुसऱ्याचा १/८ वजा करायचा, झाले ३/८, आणि त्याच फटक्यात एसची कायनेटिक टर्म कटायला हवी. माझी कटायच्या ऐवजी बरोब्बर दुप्पट!

अख्खा दिवस गॅमा मॅट्रिक्स तपासल्या, एप्सिलॉनचं चिन्ह तपासलं, काही नाही. संध्याकाळी सरांकडे गेलो, त्यांनी पानं उलटून एवढंच विचारलं, "सिग्नेचर कुठली घेतलीयेस?"

मी म्हटलं वजा-अधिक-अधिक, म्हणजे मेट्रिकमध्ये (अंतर मोजायचं कोष्टक) टाइमला वजा, स्पेसला अधिक. "इथे पण?" म्हणून त्यांनी दुसऱ्या इनव्हेरियंटच्या पानावर बोट ठेवलं. ते पान मी माझ्याच जुन्या वहीतून उतरवलेलं, आणि त्या वहीत सगळं अधिक-वजा-वजा. मेट्रिकचं चिन्ह पलटलं की आर पलटतो पण आर स्क्वेअर जागचा हलत नाही, म्हणून ३/८ छान जुळत होतं आणि मी निश्चिंत होतो. एसच्या डेरिव्हेटिव्हचा वर्ग मात्र एकाच इनव्हर्स मेट्रिकने बनतो, तो पलटतोच. म्हणून वजाबाकीची बेरीज!

चिन्ह फिरवलं, एस गेला, दोन मिनिटांचं काम. सर हसले, मला काही हसू येईना, कारण मागच्या महिन्यात त्यांना दिलेल्या नोट्सपण त्याच वहीतून उतरवलेल्या होत्या, आणि ते अजून त्यांना सांगायचं होतं.